मानेला शेक घेतल्यानंतरचं थायरॉइड, आणि जिच्याकडे कुणी बघत नाही ती पिट्युटरी

काटेकोर

तोंड, घसा, स्वरयंत्र किंवा नाकामागच्या जागेच्या कॅन्सरला रेडिएशन (वॉर्डातल्या भाषेत शेक किंवा लाईट) पूर्ण झालं की घरच्यांचा डोळा दोन गोष्टींवर असतो. गाठ परत येत नाही ना, आणि गिळता येतंय ना. थायरॉइडकडे लक्ष जातं ते माणूस दिवसभर गोधडी घेऊन पडायला लागल्यावर, आणि तेव्हाही 'एवढी मोठी ट्रीटमेंट झाली, अशक्तपणा असणारच' म्हणून विषय संपतो. म्हणून हा धागा.

नेहमीचा डोस असा. मुख्य गाठीला ६६ ते ७० ग्रे (रेडिएशन मोजायचं एकक), ऑपरेशननंतर असेल तर ६० ते ६६, रोज २ ग्रे, आठवड्यातून पाच दिवस, सहा ते सात आठवडे. मानेच्या खालच्या भागात गाठ दिसत नसली तरी लपलेल्या पेशींसाठी ५० ग्रेच्या आसपास देतात. थायरॉइड नेमकं त्याच खालच्या भागात, श्वासनलिकेला चिकटून असतं. ते बाजूला सरकवता येत नाही. आतल्या बारीक रक्तवाहिन्या हळूहळू बंद होतात, पेशी मरतात, आवरण आखडतं. हे सगळं सावकाश होतं, म्हणून शेवटच्या शेकाच्या दिवशी काढलेलं टीएसएच (पिट्युटरीचं, थायरॉइडला कामाला लावणारं हार्मोन; थायरॉइड कमी पडलं की ते चढतं) नॉर्मल असलं तरी त्याला अर्थ नाही.

मानेला शेक घेतलेल्यांपैकी साधारण २० ते ५० टक्के लोकांचं थायरॉइड पुढे कमी पडतं. हा पल्ला इतका रुंद का, ते खाली कुणीतरी लिहीलच. बहुतेकांचं पहिल्या दोन-तीन वर्षांत कळतं, काहींचं सहा महिन्यांत, काहींचं दहा वर्षांनी. म्हणून दर ६ ते १२ महिन्यांनी टीएसएच, आणि ते कायमचं. पाच वर्षं झाली, फॉलोअप सुटला, म्हणून ही तपासणी सोडायची नसते.

ओळखायला अवघड जातं कारण प्रत्येक लक्षणाला दुसरं कारण हजर असतं. आवाज बसला, तर शेकामुळे. बद्धकोष्ठ, तर दुखण्यावरच्या ट्रॅमाडॉलमुळे. चेहरा सुजला, तर गाठी काढल्यामुळे. उदास आहे, तर मनावर घेतलंय. त्यातल्या त्यात वेगळं काढता येण्यासारखं सांगतो. लसिका साचल्याची सूज हनुवटीखाली असते, सकाळी जास्त, दिवसभर उठून बसलं की उतरते. थायरॉइडची सूज पापण्यांवर आणि हातापायांवरही दिसते आणि बोटाने दाबून खड्डा राहत नाही. इतरांना पंखा लागतो तेव्हा याला स्वेटर लागतो. आणि खाण्याच्या नळीतून रोज मोजून तेवढंच जात असताना दोन महिन्यांत तीन किलो वजन वाढलं, तर 'तब्येत भरली' म्हणून पेढे वाटण्याआधी टीएसएच करा.

रेषाआखणी

२० ते ५० टक्के एवढा फरक का, तर शेक कुठून कुठे दिला यावर सगळं आहे.

आपल्याकडे तंबाखू-गुटख्यामुळे गालाच्या आतल्या बाजूचा आणि हिरडीचा कॅन्सर फार. त्यात बऱ्याचदा ऑपरेशननंतर एकाच बाजूच्या मानेला शेक देतात. मग थायरॉइडची दुसरी बाजू बरीचशी वाचते आणि ती भागवून नेते. स्वरयंत्राच्या अगदी सुरुवातीच्या गाठीला जेमतेम ५ बाय ५ सेंटिमीटरची शेकाची खिडकी असते, त्यात थायरॉइडचं वरचं टोक आलं तर आलं. जीभेचं मूळ, टॉन्सिल, घशाचा खालचा भाग, नाकामागची जागा इथे मात्र दोन्ही बाजूंची मान गळपट्टीपर्यंत येते. सगळं थायरॉइड आत.

त्यात स्वरयंत्र काढताना थायरॉइडची एक बाजू काढली असेल तर उरलेल्या अर्ध्यावर शेक बसतो. हा गट सर्वांत जोखमीचा. बायका, तरुण, मुळात लहान ग्रंथी असलेले आणि आधीपासून अँटी-टीपीओ (थायरॉइडवर हल्ला करणाऱ्या अँटीबॉडी) पॉझिटिव्ह असलेले यांनाही जास्त धोका.

पूर्वीच्या कोबाल्ट पद्धतीत मानेच्या खालच्या भागाला समोरून एकच पट्टा द्यायचे आणि मधोमध शिशाचा ठोकळा ठेवायचे. तो मज्जारज्जू नि स्वरयंत्रासाठी असायचा, पण थायरॉइडचा मधला पूल त्याच्या सावलीत फुकटात वाचायचा. आता आयएमआरटीत (कॉम्प्युटरने डोसाला आकार देऊन शेक द्यायची पद्धत) कॉम्प्युटरला 'याला वाचव' असं सांगितलं तरच तो वाचवतो. प्लॅनिंग स्कॅनवर थायरॉइडची रेषाच आखली नाही, तर त्याच्या लेखी ती ग्रंथी नसतेच आणि तो तिथे बिनदिक्कत डोस ओततो. लाळग्रंथी सगळे आखतात. थायरॉइड सगळीकडे आखलं जातंच असं नाही.

म्हणून शेक सुरू व्हायच्या आधी डॉक्टरांना विचारा, 'थायरॉइड आखलंय का, सरासरी डोस किती येतोय?' सरासरी ४० ते ४५ ग्रेच्या खाली ठेवता आली तर बरं, पण गाठ खाली उतरलेली असेल तर थायरॉइडपायी कॅन्सरचा डोस कुणी कमी करणार नाही आणि करूही नये. शेक संपल्यावर डोसचा गोषवारा मागून घ्या. कोणत्या भागाला किती ग्रे, किती दिवसांत, कोणत्या पद्धतीने. हा कागद डिस्चार्ज कार्डासोबत प्लास्टिकमध्ये ठेवा. पाच वर्षांनी नव्या डॉक्टरला जुन्या फायलीतून हे शोधायला लावणं म्हणजे गवताच्या गंजीत सुई.

मुक्कामपोस्ट

टीएसएच ४.५ ते १० च्या मधे आलं आणि एफटी४ (रक्तातलं मोकळं थायरॉइड हार्मोन) नॉर्मल असेल तर थायरॉक्सिनची गोळी लगेच सुरू करायची की थांबायचं? दोन डॉक्टर दोन तोंडांनी बोलतात.

काटेकोर

दोघंही चूक नाहीत. १० च्या वर असेल किंवा एफटी४ कमी असेल तर वाद नाही, गोळी सुरू. मधल्या पट्ट्यात आधी ६ ते १२ आठवड्यांनी तपासणी परत करायची, कारण आजारातून उठताना टीएसएच काही काळ वर जाऊन आपोआप खाली येतं. शेक संपल्यानंतरचे पहिले दीड-दोन महिने तर कुठल्याच आकड्यावर भरवसा ठेवू नये. वजन उतरलेलं, पोटात अन्न नाही, अशात थायरॉइड मुद्दाम मंद चालतं. कॉन्ट्रास्ट घालून सीटी झाला असेल तर त्यातल्या आयोडीनमुळेही काही आठवडे आकडा हलतो.

परत केल्यावरही वरच असेल, तर शेक घेतलेल्या माणसात मी गोळीच्या बाजूने झुकेन. साध्या माणसाचं थायरॉइड सुधारायची शक्यता असते. शेकलेल्या ग्रंथीची वाट बहुतेक वेळा उताराचीच.

सावधपान

इथे जरा अडवतो. सत्तरीच्या माणसाला ६.५ साठी गोळी लावली, पुढे कुणी तपासलं नाही, आणि वर्षभराने टीएसएच ०.०५ वर, हेही दिसतं. ०.१ च्या खाली बराच काळ राहिलं की नाडी अनियमित होते, हाडं पोकळ होतात. आणि हीच माणसं आयुष्यभर बिड्या ओढलेली, हृदय आधीच घसरलेलं. वय झालेल्याला, लक्षणं नसतील तर, ७-८ पर्यंत दर तीन महिन्यांनी बघत थांबता येतं.

आणि सुरू केली तर हळू. हृदयविकार किंवा वय जास्त असेल तर १२.५ किंवा २५ मायक्रोग्रॅम, दर ४ ते ६ आठवड्यांनी तेवढीच वाढ. पूर्ण डोस किलोला १.६ मायक्रोग्रॅम हे सूत्र ग्रंथी पार गेलेल्यासाठी असतं, आणि ते आजच्या वजनावर लावायचं, केसपेपरावरच्या जुन्या वजनावर नाही. ५२ किलोचा माणूस म्हणजे ८३, म्हणजे ७५ किंवा ८८ ची गोळी. उपचारांआधी तोच माणूस ६८ किलोचा असेल तर हिशेब १०९ वर गेला असता.

काटेकोर

सावधपान, मान्य. फक्त एक भर. मानेला शेक घेतलेल्याच्या, मेंदूकडे जाणाऱ्या कॅरॉटिड रक्तवाहिन्याही जाड होत जातात. त्यात थायरॉइड कमी असल्याने एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) चढत राहिलं तर पक्षाघाताची जोखीम दोन्ही बाजूंनी वाढते. थांबायचं असेल तर कोलेस्टेरॉल बघून थांबा. आणि कोलेस्टेरॉलची गोळी सुरू करण्याआधी टीएसएच बघा. थायरॉइड कमी असताना स्टॅटिन दिलं की स्नायू जास्त दुखतात, आणि बऱ्याचदा थायरॉइड सुधारलं की कोलेस्टेरॉल आपोआप उतरतं.

पाटा_वरवंटा

गोळी सुरू असूनही टीएसएच खाली येत नाही याचं सगळ्यांत मोठं कारण स्वयंपाकघरात असतं.

गोळी रिकाम्या पोटी, साध्या पाण्यासोबत, पहिल्या चहाच्या आधी किमान अर्धा तास, तास असेल तर उत्तम. महाराष्ट्रात हेच जमत नाही, कारण डोळे उघडायच्या आत चहा हवा. दुधाच्या चहासोबत गोळी म्हणजे तिचा काही भाग वाया. ज्यांना जमतच नाही त्यांनी रात्री झोपताना घ्यावी, शेवटच्या घासानंतर तीन तासांनी. तेही चालतं, फक्त एक ठरवा आणि तेच ठेवा.

कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्यांत चार तासांचं अंतर. शेक घेतलेल्यांच्या आहारात नकळत घुसणाऱ्या वस्तू: सोयाबीनचं पीठ घातलेली लापशी, डब्यातली प्रोटीन पावडर, नाचणीचं सत्त्व, इसबगोल. यातलं काही बंद करायचं नाही, वजन टिकवायला ते लागतंच. फक्त गोळीच्या तासाभरात नको, आणि इसबगोल तर अजून लांब. पॅन्टोप्राझोलसारख्या ॲसिडिटीच्या गोळ्या महिनोन्महिने चालू राहतात, त्यांनीही शोषण कमी होतं. सुरू किंवा बंद केल्यावर ६ ते ८ आठवड्यांनी टीएसएच परत.

तोंड कोरडं असल्याने गोळी टाळूला किंवा जखमेच्या खळग्यात चिकटून बसते. तोंड ३५ मिलिमीटरपेक्षा कमी उघडत असेल तर हे जास्तच. चमच्यात ५ ते १० मिलिलिटर पाणी घेऊन गोळी विरघळू द्या, मग प्या, वर तेवढंच पाणी. दुधात किंवा पेजेत नको.

आयोडीनचं मीठ वाढवून काही होत नाही, कच्चा माल भरपूर आहे, कारखाना जळालाय. अश्वगंधा सर्रास घेतली जाते. तिने थायरॉइडचे आकडे वर गेल्याच्या नोंदी आहेत, तेव्हा घेत असाल तर डॉक्टरांना सांगा, लपवू नका.

नळीसिस्टर

नाकातली राईल्स ट्यूब किंवा पोटातली पेग असेल त्यांच्यासाठी.

गोळीच्या एक तास आधी फीड बंद. सिरींजने १५ ते ३० मिलिलिटर पाणी सोडून नळी धुवा. गोळी दोन चमच्यांमधे दाबून अगदी पिठासारखी करा, वाटीत २० मिलिलिटर पाण्यात ढवळा आणि लगेच सोडा, भिजत ठेवू नका. आता सगळे चुकतात ती पायरी: वाटीच्या तळाशी आणि सिरींजच्या रबरावर पांढरा साका राहतो. मायक्रोग्रॅममधलं औषध आहे, तो साका म्हणजे डोसाचा भाग. वाटीत पुन्हा १० मिलिलिटर पाणी घाला, खळखळून तेही सोडा. मग नळी धुवायला आणखी ३०. पुढचा एक तास फीड नाही.

इतर गोळ्यांसोबत एकाच वाटीत कुटू नका. लोह किंवा कॅल्शियम सोबत कुटलं की वाटीतच काम संपलं. थायरॉइडचं औषध प्लास्टिकला थोडं चिकटतंही, त्यामुळे नळीवाल्यांना कधी कधी डोस जास्त लागतो. याचा अर्थ असा की नळी काढून तोंडाने खायला लागल्यावर तोच डोस जास्त होऊ शकतो. नळी निघाली की ६ आठवड्यांनी टीएसएच, न विसरता.

एखादा दिवस चुकला तर घाबरू नका, औषधाचा अर्धा भाग शरीरात साधारण सात दिवस टिकतो. आठवलं की घ्या. बाटली देवघराच्या वरच्या फळीवर किंवा गॅसजवळ नको, ओलावा आणि उन्हाने औषध उतरतं. कंपनी वारंवार बदलू नका, बदलली तर तपासणी.

तळमजला

आतापर्यंत सगळे थायरॉइडवर बोलताहात. शीर्षकातली पिट्युटरी राहिली, म्हणजे मेंदूच्या तळाशी असलेली, टीएसएच आणि इतर हार्मोन सोडून बाकी ग्रंथींना कामाला लावणारी ग्रंथी.

नाकामागची जागा, नाकाच्या बाजूच्या पोकळ्या, कवटीचा तळ इथल्या गाठींना शेक देताना पिट्युटरी खिडकीतच बसलेली असते. नाकामागचा कॅन्सर महाराष्ट्रात कमी, नागालँड-मणिपूरकडे बराच जास्त, पण तिथले रुग्ण उपचाराला मुंबईत येतात आणि इथल्या सायनसच्या गाठी आहेतच. तिथे पिट्युटरीला ५० ग्रेच्या पुढे सहज जातं. आणि तिच्या वरचा, तिला हुकूम देणारा मेंदूचा भाग, हायपोथॅलॅमस, तर तिच्याहून नाजूक. गालाच्या किंवा हिरडीच्या साध्या शेकात हा प्रश्न नाही, उगाच सगळ्यांच्या सगळ्या तपासण्या करू नका.

बिघडण्याचा क्रम साधारण ठरलेला: आधी ग्रोथ हार्मोन, मग पाळी-पौरुषाची हार्मोन्स, मग एसीटीएच (मूत्रपिंडावरच्या ॲड्रिनल ग्रंथींकडून कॉर्टिसॉल, म्हणजे शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड, करून घेणारं), शेवटी टीएसएच. 'साधारण' हा शब्द महत्त्वाचा, क्रम चुकतोही. वर्षानुवर्षं एकेक दिवा विझत जातो, म्हणून दोन वर्षांनी सगळं ठीक आलं म्हणजे सुटलो असं नाही. दरवर्षी, आणि निदान दहा वर्षं तरी.

एक रिपोर्ट डोळ्यांसमोर आणा. टीएसएच २.१. एफटी४ ०.६, जिथे लॅबची खालची मर्यादा ०.८ आहे. टीएसएच लाल रंगात नाही, म्हणून 'थायरॉइड नॉर्मल' असा शेरा पडतो. पण एफटी४ इतकं खाली असताना निरोगी पिट्युटरीने आरडाओरडा करून टीएसएच २० वर न्यायला हवं होतं. ती २.१ वर गप्प आहे, म्हणजे हाक मारणाराच झोपलाय. पिट्युटरी शेकलेल्या माणसात एकटं टीएसएच मागवणं म्हणजे धुराचा अलार्म जळाल्यावर तो वाजत नाही म्हणून निश्चिंत राहणं. टीएसएच आणि एफटी४ जोडीने. डोसही एफटी४ बघून ठरवायचा, नॉर्मलच्या वरच्या अर्ध्यात ठेवायचा. टीएसएच बघून डोस कमी करणारे नेमके इथे फसतात, कारण या माणसांचं टीएसएच गोळीवर अगदी तळाला जातं आणि ते अपेक्षितच असतं.

आणि सर्वांत धोक्याची चूक: कॉर्टिसॉल न बघता थायरॉइडची गोळी सुरू करणं. थायरॉक्सिनने शरीराची भट्टी पेटते, कॉर्टिसॉल भराभर खर्च होतं. जिथे ते आधीच तळाला आहे तिथे बीपी कोसळून माणूस आयसीयूत जातो. आधी हायड्रोकॉर्टिसोन (कॉर्टिसॉलची गोळी), मग थायरॉइड.

मुक्कामपोस्ट

कॉर्टिसॉल कधी आणि कसं तपासायचं? जवळच्या लॅबवाल्याने दुपारी घेऊन 'लो' दिलं तर?

तळमजला

दुपारचं फेकून द्या. ते सकाळी चढतं, संध्याकाळी उतरतं. सकाळी ८ च्या सुमाराला. ३ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली म्हणजे जवळपास नक्की कमतरता, १५ च्या वर म्हणजे बहुधा नाही. मधे आलं तर एसीटीएचचं इंजेक्शन देऊन अर्ध्या आणि एक तासाने परत कॉर्टिसॉल. इन्सुलिनने साखर उतरवून करायची तपासणी सर्वांत भरवशाची, पण फिट किंवा हृदयविकार असेल तर नाही, आणि हॉस्पिटलातच.

वाचताना तीन खड्डे. केमोसोबत उलटीसाठी डेक्सामेथासोन दिलेलं असतं, त्याने काही काळ कॉर्टिसॉल दबतं. भूक वाढवायला मेजेस्ट्रॉल देतात, ते स्टेरॉइडसारखं वागतं आणि अचानक थांबवलं की माणूस लोळागोळा होतो. तिसरा खड्डा फारसा कुणी विचारत नाही: वजन वाढवायच्या बिननावाच्या गोळ्या आणि अंगदुखीच्या पुड्या. त्यांत डेक्सामेथासोन निघणं नवीन नाही. शेकानंतर हाडाची काडं झालेल्या माणसाला शेजारीपाजारी हेच सुचवतात. 'कुठली पुडी चालू आहे का?' हा प्रश्न थेट विचारा, 'कुठली औषधं घेता?' विचारलं तर पुडी त्यात मोजली जात नाही.

पिट्युटरीच्या कमतरतेत त्वचा काळी पडत नाही आणि पोटॅशियम वाढत नाही. पुस्तकातली ती चित्रं मूळ ॲड्रिनलच्या आजाराची. इथे फक्त थकवा, मळमळ, उभं राहिलं की चक्कर, आणि सोडियम १२८ असं काहीतरी. ते 'सिस्प्लॅटिनमुळे' (केमोचं औषध) म्हणून मिठाच्या कॅप्सूल देऊन सोडलं जातं.

परीक्षानळी

लॅबच्या बाजूने काही गोष्टी.

'थायरॉइड प्रोफाईल' म्हणून जे पॅकेज विकतात त्यात बहुधा एकूण टी३, एकूण टी४ आणि टीएसएच असतं. एफटी४ नसतं. आजारपणात रक्तातली वाहक प्रथिनं कमी झालेली असतात, त्यामुळे एकूण टी४ खोटंच कमी दिसतं. चिठ्ठीवर 'एफटी४ आणि टीएसएच' असं स्पष्ट लिहून घ्या. टी३ ची इथे बहुतेक वेळा गरजही नाही.

रक्त सकाळी, दर वेळी साधारण त्याच वेळेला, गोळी घ्यायच्या आधी. गोळी घेऊन तासा-दोन तासांत रक्त दिलं तर एफटी४ वर दिसतं.

केसांसाठी बायोटिन! शेक नि केमोनंतर केस गेले म्हणून १० मिलिग्रॅमच्या गोळ्या सर्रास चालू असतात. काही मशीनवर त्याने टीएसएच खोटं कमी आणि एफटी४ खोटं जास्त येतं, म्हणजे कमी थायरॉइडचा माणूस कागदावर जास्त थायरॉइडचा होतो. किमान दोन दिवस आधी बंद.

एकक बघा. एक लॅब एफटी४ नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटरमधे देते, दुसरी पिकोमोल प्रति लिटरमधे. १ म्हणजे १२.९. 'गेल्या वेळी ०.९ होतं, आता ११ झालं' म्हणून फोन करणाऱ्यांनी आधी हे बघावं. आकडा जवळपास तोच आहे.

तिखटमीठ

+१ बायोटिन. आणि एकाच लॅबमधे करत जा.

हाडवैरी

कॅल्शियमचं कुणी लिहिलं नाही. थायरॉइडच्या पाठीमागे रक्तातलं कॅल्शियम सांभाळणाऱ्या चार पॅराथायरॉइड ग्रंथी असतात. स्वरयंत्रासोबत थायरॉइड काढलं तर त्या जाण्याची किंवा त्यांचा रक्तपुरवठा तुटण्याची शक्यता असते, आणि मग कॅल्शियम काही दिवसांत पडतं. नुसत्या शेकाने असं सहसा होत नाही, उलट कित्येक वर्षांनी एखादी ग्रंथी जास्त काम करून कॅल्शियम वाढल्याचं दिसतं. म्हणून वर्षातून एकदा कॅल्शियम, तपासणी स्वस्त आहे.

ओठांभोवती आणि बोटांच्या टोकांना मुंग्या हे कमी कॅल्शियमचं लक्षण. जबड्याच्या ऑपरेशनने ओठ आधीच बधीर असलेल्या माणसात ओठांवर विसंबू नका, बोटं नि पायाचे गोळे विचारा.

रिपोर्टवरचं कॅल्शियम अल्ब्युमिन (रक्तातलं एक प्रथिन) बघून दुरुस्त करायचं: ४ मधून अल्ब्युमिन वजा, गुणिले ०.८, ते कॅल्शियममधे मिळवा. कॅल्शियम ७.९, अल्ब्युमिन २.८, तर १.२ गुणिले ०.८ म्हणजे ०.९६, दुरुस्त कॅल्शियम ८.९ च्या आसपास. म्हणजे कमतरता नाही, फक्त कुपोषण.

आणि खरंच कमी असेल तर मॅग्नेशियम बघितल्याशिवाय कॅल्शियम ओतत बसू नका. सिस्प्लॅटिनने मूत्रपिंडातून मॅग्नेशियम वाहून जातं, कधी कधी महिनोन्महिने. मॅग्नेशियम तळाला असताना पॅराथायरॉइड काम करत नाही, कितीही कॅल्शियम द्या, वर येत नाही.

सावधपान

ऑपरेशनचं एक राहिलं. शेकानंतर गाठ परत आली म्हणून स्वरयंत्र काढायचं ठरलं तर त्याआधी टीएसएच हवंच. थायरॉइड कमी असेल तर घशाची शिवण लवकर भरत नाही, लाळ मानेतून बाहेर यायला लागते. जखम रेंगाळली तर दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा बघा, विशेषतः एक बाजू काढली असेल तर.

काटेकोर

इम्युनोथेरपीवाल्यांसाठी (प्रतिकारशक्तीला कॅन्सरवर सोडणारी औषधं) थोडक्यात. निव्होलुमॅब, पेम्ब्रोलिझुमॅब यांनी थायरॉइड शेकाशिवायही बिघडतं आणि फार लवकर, काही आठवड्यांत. आधी टीएसएच खाली, एफटी४ वर, छातीत धडधड. तेव्हा थायरॉइड वाढल्याची गोळी सुरू करण्याची घाई नको, साठा सांडतोय, नवीन तयार होत नाहीये. धडधडीला प्रोप्रॅनोलॉल पुरतं. महिन्या-दोन महिन्यांत चित्र उलटतं आणि मग थायरॉक्सिन कायमचं. दर ४ ते ६ आठवड्यांनी टीएसएच-एफटी४. डोस कमी दिला म्हणून हे टळेल असं गृहीत धरू नका. अचानक डोकेदुखी, सोडियम खाली, गळाठा आला तर पिट्युटरी सुजलीय असं समजून त्याच दिवशी कॉर्टिसॉल.

मुक्कामपोस्ट

पुरुषांच्या हार्मोनचं काय? याबद्दल ओपीडीत कुणी बोलत नाही.

तळमजला

खरंय, आणि विचारलंही जात नाही. पिट्युटरी शेकली असेल किंवा मॉर्फिन-ट्रॅमाडॉल महिनोन्महिने चालू असेल, तर टेस्टोस्टेरॉन पडतं. सकाळी ८ ते १० मधे, उपाशीपोटी, दोन वेगळ्या दिवशी, सोबत एलएच (टेस्टोस्टेरॉन करून घेणारं पिट्युटरीचं हार्मोन). ऐन आजारपणात नाही. वेदनाशामक कमी झाल्यावर बऱ्याचदा आपोआप सावरतं, म्हणून आधी ते. टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन सुरू केलं तर हिमॅटोक्रिट (रक्तातल्या लाल पेशींचं प्रमाण) ५४ टक्क्यांच्या वर जाऊ द्यायचं नाही, आणि धूम्रपान करणाऱ्यात ते लवकर जातं. बायकांत पाळी लवकर थांबली तर 'वय झालं' म्हणण्याआधी पिट्युटरी आठवा. ग्रोथ हार्मोनची इंजेक्शनं मात्र कॅन्सर सक्रिय असताना अजिबात नाहीत.

नळीसिस्टर

तळमजला, हायड्रोकॉर्टिसोनवर असलेल्यांनी तापात काय करायचं ते लिहा ना. घरी कागद लावता येईल असं.

तळमजला

लिहितो. नेहमीचा डोस दिवसाला १५ ते २० मिलिग्रॅम, उठल्या उठल्या मोठा भाग, उदाहरणार्थ १०, दुपारी ५, हवं तर चार-पाचच्या सुमारास आणखी थोडा. रात्री नको, झोप उडते.

ताप १००.४ च्या वर: दिवसाचा डोस दुप्पट. १०२ च्या वर: तिप्पट. ताप उतरल्यावर एक-दोन दिवसांत नेहमीवर. उलटी झाली आणि गोळी पडली असं वाटलं तर परत एक घ्या. दुसऱ्यांदाही पडली, किंवा जुलाबाने गळून गेला, तर गोळ्यांच्या भानगडीत पडू नका: हायड्रोकॉर्टिसोन १०० मिलिग्रॅम मांडीच्या स्नायूत आणि तिथून थेट हॉस्पिटल. ही व्हायल, सिरींज आणि पाण्याची ॲम्प्युल घरात ठेवायची आणि घरातल्या दोघांना तरी द्यायला शिकवायचं, कारण वेळेला एक जण हमखास बाहेरगावी असतो.

दात काढायचा असेल तरी दंतवैद्याला आधी सांगायचं. शेकलेल्या जबड्यातला दात कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय काढायचाच नसतो, पण तो वेगळा विषय.

नळीसिस्टर

नळीवाल्यांसाठी एक जोड: हायड्रोकॉर्टिसोन कुटून देता येतं, ते पोटात काही असताना दिलेलं बरं. म्हणजे थायरॉइडसारखा फीड बंद ठेवायचा नियम त्याला नाही. दोन्ही गोळ्या एका वाटीत कुटू नका. पहाटे थायरॉइड, तासाने फीड, फीडबरोबर हायड्रोकॉर्टिसोन. फक्त फार उशीर करू नका, उठल्यापासून पहिल्या डोसपर्यंत तासापेक्षा जास्त गेला की काहींना चक्कर येते. तसं होत असेल तर थायरॉइड रात्री शेवटच्या फीडनंतर तीन तासांनी हलवा, सकाळ हायड्रोकॉर्टिसोनला मोकळी होते.

तळमजला

बरोबर. आणि वेळ हलवल्यावर ६ आठवड्यांनी एफटी४, सकाळी.